मधल्या तारेचे घरत सर

घरत सरांनी नोकरीसाठी माझी मुलाखत घेतली तेव्हा मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "तुमच्या घरी नळ कधी आला?"

मी परांड्याहून पनवेलला आले होते. हातात इलेक्ट्रिकलची डिग्री होती, आमच्या घरातली पहिलीच. रात्रभर एसटीत बसून ट्रान्सफॉर्मरची सूत्रं पाठ केली होती. नळाबद्दल काही वाचलं नव्हतं.

"मी सातवीत असताना," मी म्हणाले.

"मेन पाइप कुठे होता?"

"कोपऱ्यावर. आमची गल्ली शेवटची. कोपऱ्यापासून घरापर्यंत वडिलांनी आणि काकांनी चर खणला. पाइपही आम्हीच आणला."

"मग शेजाऱ्यांनी?"

"त्यांनी पुढच्या वर्षी आमच्याच पाइपातून घेतला."

सर खुर्चीत पुढे सरकले. "आणि खणण्याचं काय दिलं?"

मी खरं तेच सांगितलं. "शेजारच्या मावशींनी पुरणपोळ्या पाठवल्या होत्या, सर."

ते इतके हसले की शेजारच्या खोलीतून कंपनीचे मालक जगताप साहेब डोकावून गेले. हसणं थांबल्यावर सर स्वतःशीच म्हणाले, "हं. हे एक झालं." मला नोकरी मिळाली. ती नळामुळे मिळाली की सूत्रांमुळे, हे मी पुढे कधी विचारलं नाही. सर आता नाहीत, त्यामुळे ते कळायचंही राहून गेलं.

आमची कंपनी म्हणजे पनवेलच्या जुन्या बाजाराजवळ एका औषधाच्या दुकानावरच्या तीन खोल्या. जगताप साहेब मूळचे घाटावरचे. त्यांनी आपल्या गावाकडच्या पठारावर चार पवनचक्क्या उभ्या केल्या होत्या. तिथे वीज करायची आणि तळोज्याच्या कारखान्यांना विकायची, असा बेत. पवनचक्क्या उभ्या होत्या, वाराही होता. नव्हती ती फक्त तार. पठारावरून डोंगर उतरून सरकारी उपकेंद्रापर्यंत लाइन टाकायची आणि उपकेंद्रात मोठा ट्रान्सफॉर्मर बसवायचा, तरच ती वीज सगळ्या राज्याच्या जाळ्यात जाणार. वीज कंपनीचं म्हणणं, ज्याला जोडून घ्यायचं आहे त्यानं सगळा खर्च करावा. जगताप साहेबांचं म्हणणं, वीज सगळे वापरणार, तर खर्च सगळ्या ग्राहकांच्या बिलात थोडाथोडा वाटावा. हा वाद वीजदर ठरवणाऱ्या आयोगापुढे जाणार होता. निकाल साफ विरुद्ध गेला तर कंपनी बंद पडणार होती. हे साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, लपवाछपवी नको म्हणून.

आमची बाजू मांडण्यासाठीच साहेबांनी घरत सरांना सल्लागार म्हणून आणलं होतं. सर वीज खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. उरणकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायात सँडल, आणि पावसाळा असो नसो, बगलेत छत्री. जेवणाचे डबे दोन आणत. एकात भाकरी-भाजी, दुसऱ्यात सुकटीची चटणी. दुसरा डबा उघडण्याआधी ते उठून खिडकी उघडत आणि माळकरी जगताप साहेबांच्या खोलीकडे तोंड करून "माउली, क्षमा!" असं म्हणत. आतून "चालू द्या, चालू द्या" असा आवाज येई. मगच झाकण निघे.

सरांना एक खोड होती. भेटेल त्याला ते एकच प्रश्न विचारत : "वारा घाटावर आहे, पंखा पनवेलला आहे. मधल्या तारेचे पैसे कोणी द्यायचे?" न्हाव्याला विचारत, रिक्षावाल्याला विचारत, खालच्या औषधवाल्याला तर आठवड्यातून एकदा. न्हावी म्हणाला, "साहेब, दाढी तुमची, पण वस्तरा माझा. वस्तऱ्याचे वेगळे मागतो का मी? दाढीतच आले." सर मान डोलावून म्हणाले, "हे एक झालं." आणि न्हाव्यानं "अहो, हलू नका" म्हणून त्यांचं डोकं सरळ केलं.

औषधवाला वैतागून म्हणाला, "ज्यानं पवनचक्की लावली त्यानं द्यावे. मी दुकान टाकलं तेव्हा रस्ता कुणी करून दिला मला?"

"रस्ता तर होताच की."

"होता म्हणूनच दुकान इथे टाकलं ना! मी काय डोंगरावर टाकलं?"

सरांनी हेही "एक झालं" म्हणून ठेवून घेतलं. कोण बरोबर, कोण चूक, हे ते कधी बोलत नसत. त्यामुळे माणसं चिडत. आपलं उत्तर दिल्यावर समोरच्यानं एक तर मान्य करावं नाहीतर भांडावं, अशी आपली सवय. सर दोन्ही करत नसत. त्यांच्या डोळ्यांत मात्र अशी चमक येई, की जणू कुणी नवं फळ हातात ठेवलं आहे आणि ते कसं सोलायचं हे त्यांना अजून कळलेलं नाही.

त्यांच्या घरी मी एकदा जेवायला गेले होते. मालतीकाकूंनी वाढता वाढता सांगितलं, "हे काही आजचं नाही हो. आमचं लग्न ठरलं तेव्हा बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं ह्यांनी, मांडवाचा खर्च मुलीकडच्यांनीच का? माझे वडील घाबरले. त्यांना वाटलं, मुलाला अजून काहीतरी हवंय!"

"मग?"

"मग काय. सासरे तासभर ह्यांच्याशी बोलले नाहीत, आणि नंतर अर्धा मांडव दिला."

सर आमटीत भात कालवत म्हणाले, "अर्धा का दिला, ते मात्र मला अजून कळलेलं नाही."

मला इंग्रजीची भीती होती. आयोगापुढचा अर्ज इंग्रजीत करायचा होता. मी एक वाक्य लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. सरांनी दोन दिवस बघितलं आणि कागद उलटा करून ठेवला. "पोरी, आधी मराठीत भांड. मनासारखं भांडून झालं की इंग्रजीत लिही. भांडण पक्कं असलं की भाषा येते मागून." मग ते समोर बसले आणि वीज कंपनी झाले. मी आमची कंपनी. दुपारभर आम्ही भांडलो. संध्याकाळी जागा बदलल्या. ते आम्ही झाले आणि मी वीज कंपनी. त्या दिवसानंतर मी इंग्रजीला कधी घाबरले नाही. आज माझ्या हाताखाली इंग्रजी शाळेत शिकलेली मुलं आहेत. त्यांनाही मी आधी मराठीत भांडायला लावते.

अर्जाचा कणा सरांनी आपल्या गावच्या रीतीवर उभा केला होता. त्यांच्या भागात खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे लांबलचक बांध असत. उधाणाच्या भरतीत बांध फुटला तर त्याला म्हणत खांड पडली. खांड पडली की आतल्या सगळ्यांनी बुजवायला जायचं. माझं शेत फुटल्या जागेपासून लांब आहे, असं म्हणायचं नाही. सरांचं म्हणणं, विजेचं जाळं हाही असाच एक बांध. कुठेही काम निघालं तर आतल्या सगळ्यांनी हात लावायचा. म्हणजेच खर्च सगळ्या ग्राहकांचा. जगताप साहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी दोनदा वाचून घेतलं.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी सर म्हणाले, "चल, एकदा गावी जाऊन खात्री करून येऊ. मी शिकायला बाहेर पडलो त्याला जमाना झाला. काही विसरलो असेन."

गावात सरांची थोरली बहीण हिराबाय राहत. घर नवं, दुमजली. पुढे जिथे शेतं आणि मिठागरं होती तिथे आता गोदामं होती, आणि कंटेनरच्या गाड्यांची रांग पार द्रोणागिरीच्या रस्त्यापर्यंत. हिराबाय ओट्यावर जवळा निवडत बसल्या होत्या.

"बाय, खांड पडली की कोण कोण जायचं गं बांधावर?" सरांनी बसता बसता विचारलं.

"सगली. घरात मयत असली तरी येक मानूस पाठवाचा. तुना ठाव नाय?"

सरांनी माझ्याकडे विजयानं पाहिलं. तेवढ्यावर उठलो असतो तर हे व्यक्तिचित्र इथेच संपलं असतं. पण त्यांना राहवलं नाही. "आणि उघाडी?"

उघाडी म्हणजे बांधात बसवलेला लाकडी दरवाजा. ओहोटीला तो उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरती यायच्या आत बंद करायचा. सर मला हे समजावून सांगेपर्यंत हिराबायचा आवाज चढला होता.

"उघाडी आपली! आपल्या आज्यानं बांधली. लाकूड आपला, सुतार आपला. आन पानी कोनी सोडला त्यातून? या काशीच्या बापानं!"

शेवटचं वाक्य शेजारच्या गॅलरीकडे तोंड करून होतं. तिथे वाळत घातलेल्या कपड्यांमागून एक टक्कल वर आलं. ते काशिनाथ, सरांच्या भावकीतले.

"ओ हिराबाय! झाला का सुरू? उघाडी तुमची, पन बांध कोनाचा व्हता? बांध नसता तं उघाडी काय हवेत टांगली असती तुमी?"

"बांध सगल्यांचा व्हता!"

"मंग उघाडी पन सगल्यांची!"

"मंग सुतार आला तवा तुजा बाप कुठं लपला व्हता रं?"

"बापाचा नाव काढू नको! तो मिठागरावर व्हता कामाला. तुजा आजा आपल्या तोंडानं बोलला, सोड रे पानी, पानी काय कोनाच्या बापाचा हाय? त्यानं मागितला असता तं दिला असता. मागितला नाय, आन आता तीन पिढ्या टोमने!"

शेत गेलं होतं, बांध गेला होता, उघाडीचं लाकूड कधीच कुणाच्या तरी चुलीत गेलं असेल. समोर गोदामांच्या भिंतींखेरीज काही दिसत नव्हतं. आणि ही दोन माणसं अशी भांडत होती, जणू संध्याकाळी पाणी सोडायचं आहे. सर ओट्याच्या कडेला बसून एकदा ह्या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी हिराबायनं गॅलरीकडे बघून "चाय पिवाला ये खाली, नरडा सुकला असंल" म्हटलं आणि काशिनाथ सदरा चढवत खाली आले. चहा पिताना दोघंही आम्हाला आग्रहानं बिस्किटं देत होते.

परतीच्या वाटेवर, उलव्याच्या अर्ध्या बांधलेल्या इमारतींमधून आमची रिक्षा जात असताना, सर म्हणाले, "पोरी, आपला अर्ज चुकलाय."

मी विचारलं, "काय चुकलं, सर?"

"मी खांड म्हणत होतो. आपली ती खांड नाही. आपली उघाडी आहे. खांड सगळ्यांवर येते. उघाडी एकाला हवी असते, म्हणून तो बांधतो. पण एकदा झाली की दुसऱ्याचंही पाणी तिथूनच जातं. आणि आमच्या आजोबांनी मोठ्या मनानं बोलायचं टाळलं ते आधीच बोलायला हवं होतं. काशी म्हणतो तेही खरंच आहे. मागितलंच नाही."

मग त्यांनी रिक्षात बसल्या बसल्या मांडणी केली. पवनचक्कीपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंतच्या तारेत दुसऱ्या कुणाची वीज येणं शक्य नाही. ती आमची, खर्च आमचा. पायथ्यापासून उपकेंद्रापर्यंत शेजारच्या डोंगरावरचे लोकही उद्या येणार. ती लाइन आज आम्ही टाकू, पण मागाहून जो जोडेल त्यानं आपला वाटा आम्हाला द्यायचा, आणि हे आजच लिहून ठेवायचं. उपकेंद्रातला ट्रान्सफॉर्मर बांधासारखा, तो सगळ्यांचा.

"सर, पण जगताप साहेबांकडे पायथ्यापर्यंतच्या तारेचेही पैसे नाहीत," मी म्हणाले.

"हो," सर म्हणाले. "ते मला माहीत आहे."

सुनावणीच्या आधी त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी हात जोडले. "सर, आधीचंच मांडा. हे तुमचं बरोबर असेल, पण आम्ही बुडू." सर म्हणाले, "आधीचं मांडायला मला आता जमणार नाही. तुम्ही दुसरा माणूस बघा, किंवा मला माझं बोलू द्या." दुसरा माणूस मिळायला वेळ नव्हता.

सुनावणीला उलव्याहून पिठाची गिरणी चालवणाऱ्या एक बाई ग्राहकांतर्फे बोलायला आल्या होत्या. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "वारा स्वच्छ आहे, मान्य. पण डोंगरावरच्या तारेचे पैसे माझ्या गिरणीच्या बिलात का? ज्वारी दळून मी तार ओढू का?" आणि आमच्या बाकावरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सर म्हणाले, "हे एक झालं!" जगताप साहेबांनी डोळे मिटून घेतले.

मग सर उभे राहिले आणि त्यांनी उघाडी सांगितली. टंकलेखन करणारा मुलगा बहुधा विदर्भाकडचा असावा. त्याच्या कागदावर ते "सल्लागारांच्या आजोबांची उघडी" असं उतरलं. दुपारी ते वाचून दाखवलं गेलं तेव्हा सभागृहात जो हशा उसळला, त्यात अध्यक्षही होते. सर सगळ्यांत जास्त हसले. मग शांतपणे म्हणाले, "काना राहिला, साहेब. पण तसंही चालेल. सगळ्यांचं पाणी गेलं आणि आम्ही उघडेच राहिलो." त्यानंतर अध्यक्षांनी त्यांना बराच वेळ प्रश्न विचारले.

बाहेर आल्यावर गाडीत जगताप साहेब म्हणाले, "सर, तुम्ही आमच्याकडून आलात की त्यांच्याकडून?"

"साहेब, निकाल काय लागतो ते बघू."

"निकाल काहीही लागो. उद्यापासून येऊ नका." साहेब वाईट माणूस नव्हते. पठारावर त्यांच्या पवनचक्क्यांची पाती बांधून ठेवलेली होती आणि गावचे लोक त्यांना विचारत होते, चक्की कधी फिरणार. सर "बरं" म्हणाले, कळंबोलीच्या नाक्यावर गाडी थांबवून उतरले आणि बगलेत छत्री धरून चालू लागले.

निकाल आला तो बराचसा सरांनी मांडला तसाच होता. मागाहून येणाऱ्यानं वाटा द्यायचा, हे कलम त्यात स्पष्ट होतं. पण पहिली तार आमची, हेही होतं. साहेबांनी आम्हाला खोलीत बोलावून सांगितलं की दुसरी नोकरी बघायला लागा. मी घरी वडिलांना फोन केला, पण हे सांगू शकले नाही, पाऊसपाण्याचंच बोलले.

त्याच आठवड्यात सरांचा फोन आला. "पोरी, शेजारच्या डोंगरावर ज्यांच्या पवनचक्क्या आहेत, त्यांचा पत्ता दे. आणि लाइनचा नकाशा दाखवायला मिळेल का, साहेबांना विचारून?"

"सर, तुम्ही तर आता आपल्याकडे..."

"नाही ना, म्हणूनच. आता मी कुणाकडचाच नाही. मला एक विचारायचंय त्यांना."

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "दे. आता काय जायचं राहिलंय?"

सर तीनदा घाटावर जाऊन आले, स्वतःच्या पैशानं. शेजारच्या डोंगरावरची कंपनी मोठी होती आणि मुद्दाम थांबली होती. जगतापांनी आधी लाइन टाकावी, मग आपण आयते जोडून घ्यावं, हा त्यांचा हिशेब. सरांनी त्यांना एवढंच विचारलं म्हणे, की आता मागाहून आलात तरी वाटा द्यावाच लागणार आहे. मग थांबून तुम्ही नेमकं काय वाचवताय? पुढचा हिशेब त्यांच्या लोकांना बसून काढायला काही दिवस लागले. मग त्यांचा माणूस आमच्या औषधाच्या दुकानावरच्या खोल्यांत आला. पायथ्यापासूनची लाइन दोघांनी मिळून टाकायची ठरली, आणि त्याच करारात त्यांनी जगताप साहेबांना डोंगरावरच्या तारेसाठीही पैसे दिले. बदल्यात लाइनीची निम्मी मालकी गेली. साहेब सही करताना म्हणाले, "निम्मी तर निम्मी. फिरेल तरी."

लाइन सुरू करायच्या दिवशी मी पठारावर होते. साहेबांनी सरांना स्वतः फोन करून बोलावलं होतं. काय बोलले ते मला माहीत नाही. खोलीचं दार लावलेलं होतं. सर सकाळच्या एसटीनं आले. गावकरी जमले, नारळ फुटला, आणि बांधलेली पाती सोडल्यावर पहिलं पातं असं जडपणे, विचार केल्यासारखं हललं. मग फिरू लागलं. जगताप साहेबांच्या आई पदरानं डोळे पुसत होत्या. साहेब म्हणाले, "सर कुठे आहेत? त्यांना बोलव. पहिला पेढा त्यांना."

मी शोधत पठाराच्या कडेपर्यंत गेले. सर खाली पायथ्याशी होते, जिथे दोन डोंगरांच्या तारा एकत्र येतात तिथे. तिथे एक जीप उभी होती. तिसऱ्याच कुठल्या तरी कंपनीची दोन तरुण मुलं तिपाई लावून मोजमाप करत होती. सर त्यांच्याशी बोलत होते. छत्रीनं एकदा वर, एकदा उपकेंद्राच्या दिशेनं दाखवत होते. मुलांनी तिपाई आवरली, सरांना पाण्याची बाटली दिली. मी वरून हाक मारली, पण वारा इतका होता की माझी मलाच ऐकू आली नाही. मग एका मुलानं मागचं दार उघडून धरलं, सर आत बसले आणि जीप ओढ्यापलीकडच्या वाटेला लागली. सरांना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

मी परत आले. जगताप साहेब हातात पेढा धरून उभे होते.

"काय गं, सर कुठे?"

"पुढच्या डोंगरावर गेले," मी म्हणाले.